सिएनाच्या नगरपालिकेतली ‘सुरक्षितता’

तिकिटं माझ्या बायकोने, मेधाने काढली. मी नको म्हणत होतो. “ईशाच्या शाळेला डिसेंबरची सुट्टी आहे, तू दोन महिने धड झोपला नाहीस, आपण इटलीला जातोय. खलास,” एवढं बोलून तिने लॅपटॉप बंद केला.

मी दुबईत बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर आहे. परांची रोज सकाळी तपासायची आणि ठीक असेल तर हिरवा टॅग लावायचा, हे माझं काम. टॅग असेल तरच माणसं वर चढतात. ऑक्टोबरमध्ये आमच्या साइटवर फळी निसटून दिनेश खाली पडला आणि गेला. गुहागरकडचा गवंडी, सत्तावीस वर्षांचा. चौकशीच्या अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं. त्या सकाळी काय झालं होतं, ते मी मेधालाही सांगितलं नव्हतं.

दुबई ते रोम साधारण साडेसहा तास. तिथून रेल्वेने फ्लॉरेन्स, आणि स्टेशनशेजारच्या स्टँडवरून सिएनाची बस. सव्वा तासाचा रस्ता, तिकीट साधारण पस्तीस दिरहम, म्हणजे साडेआठशे रुपये. जलद बसच घ्या, दुसरी गावागावांत थांबत जाते. शाकाहारी असाल तर लसूण-टोमॅटोचा जाड पिची पास्ता मागा. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या, बसलात की बिल वाढतं. हे सगळं मेधाने वहीत लिहून घेतलं, म्हणून मला सांगता येतंय. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि डोंगरावरच्या प्रत्येक घराला परांची आहे का, एवढंच मला दिसत होतं.

सिएनाचा चौक विटांचा आहे आणि शिंपल्यासारखा एका बाजूला उतरत जातो. उताराच्या तळाशी नगरपालिकेची इमारत, पालाझो पुब्लिको. खाली दगड, वर तांबूस वीट, तीन-तीन कमानींच्या खिडक्या, आणि एका कोपऱ्यातून वर गेलेला अतिशय सडपातळ मनोरा. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वीची इमारत, आणि नगरपालिकेचा कारभार अजून इथूनच चालतो. पूर्वी जिथे नऊ कारभारी बसून गावाचे निर्णय घेत, ती खोली वरच्या मजल्यावर आहे. चांगला कारभार आणि वाईट कारभार असे दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर राहावेत, म्हणून तिच्या भिंती रंगवून घेतल्या होत्या.

वाईट कारभाराची भिंत बरीच झडली आहे. पण शिंगं असलेला जुलमी राजा दिसतो, आणि त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता. समोरच्या भिंतीवर नीट चाललेलं गाव आहे: दुकानं, गाढवांवरची पोती, हात धरून नाचणारे लोक. अगदी वर, एका अर्धवट इमारतीवर परांची आहे आणि तिच्यावर गवंडी काम करतायत.

मी तिथून नजर काढली. पण ईशा, आमची अकरा वर्षांची मुलगी, गावाच्या वेशीबाहेर तरंगणाऱ्या पंखवाल्या बाईकडे बघत होती. एका हातात लिहिलेली पट्टी, दुसऱ्या हातात लहानसा फास, आणि त्याला लटकलेला माणूस.

“Baba, it says Security. That’s your job!” मग जरा थांबून, “Why is she holding a dead man?”

मी भिंतीकडे पाठ फिरवून दाराकडे निघालो. मेधाने मला मागच्या उघड्या सज्जात नेऊन बाकावर बसवलं. समोर हिवाळ्यातली तपकिरी शेतं होती. ईशा आतच माहिती वाचत होती.

“मी वर चढलोच नव्हतो,” मी म्हणालो.

“कुठे?”

“परांचीवर. काँक्रीटचा पंप येऊन उभा होता. फोरमन म्हणाला, यल्ला साहब, जल्दी. मी खालूनच बघितलं आणि टॅग लावला. चौथ्या मजल्यावरची फळी बांधलेलीच नव्हती, मेधा.”

तिने वळून आत ईशाकडे बघितलं.

“अजून कोणाला माहीत आहे?”

“नाही.”

“मग कोणाला सांगायचं नाही. त्याने दिनेश परत येणार नाही. तुझी नोकरी गेली की व्हिसा गेला, ईशाची शाळा गेली.” ती रडत होती. बोलली त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही मनोऱ्यावर चढलोच नाही. उरलेले तीन दिवस आम्ही गावात नुसते हिंडलो. ईशा दोघांच्या मधून चालायची.

दुबईत इंटरनॅशनल सिटीतल्या घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मी ऑफिसला मेल केला. खरं ते सगळं लिहिलं. मला घरी बसायला सांगितलंय, पुढचं कळवतील. मेधा माझ्याशी कामापुरतं बोलते. मन हलकं होतं म्हणतात, तसं काही झालेलं नाही. अजूनही पहाटे जाग येते.

मेल केला त्याच दुपारी गॅरेजांच्या भागात, रास अल खोरला गेलो. दिनेशचा मोठा भाऊ संतोष तिथल्या एका गॅरेजमध्ये वेल्डर आहे. गाड्यांच्या मध्ये उभं राहून त्याला सांगितलं. वाटलं होतं, मारेल. त्याने मारावं असंही वाटत होतं.

तो म्हणाला, “घरी सगळे म्हणतात त्याचं लक्ष नसायचं. आईपण तेच म्हणते, साहेब. मीपण म्हणालो.” मग हातमोजे काढले. “हे मराठीत लिहून द्याल? आईला वाचून दाखवायला.”

टूलबॉक्सवर कागद ठेवून, दिनेशचं नाव-गाव घालून लिहिलं. दिनेशची चूक नव्हती, चूक माझी होती. खाली नाव, सही. त्याने ओठ हलवत दोनदा वाचलं, गावाच्या नावातला एक ऱ्हस्व माझ्याकडून दीर्घ करून घेतला, आणि कागद खिशात ठेवला.

“जा आता,” तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.