राहीबाईची सही

धन्यकुमार वकील झाला ते साल त्र्याहत्तर. सांगलीत पाटी लागली, पण अशील फिरकेल तर शपथ! मृत्युपत्राचं पहिलं काम घेऊन आला तो पलूसचा केरबा, फौजेतून निवृत्त झालेला, बायकापोरं नसलेला. स्वतःच्या कमाईतून घेतलेलं उसाचं रान त्याला भाचीला, राहीबाईला द्यायचं होतं. नवऱ्यानं टाकलेल्या राहीबाईनंच त्याचं म्हातारपण सांभाळलं होतं. धाकटा भाऊ तात्याबा मात्र त्या रानावर डोळा ठेवून होता.

साक्षीदार दोन हवेत. एक शेजारी आला. दुसऱ्यासाठी थांबायला केरबा तयार नव्हता.

"हिला म्या सही शिकीवलीया, वकीलसाहेब. हिचीच घ्या."

राहीबाई जीभ दातात धरून नाव गिरवू लागली, मामा कौतुकानं बघू लागला, आणि धन्यकुमार विरघळला. वकिलानं विरघळू नये, पण हा नवा होता.

पुढच्या वर्षी केरबा गेला. दिवसकार्य झालं न झालं तोच तात्याबा वकिलाकडे येऊन धडकला.

"जिला मिळायचं तीच साक्षीला असली तर तिला काय मिळत न्हाई म्हनं. रान माझं!"

धन्यकुमारनं कायद्याचं पुस्तक उघडलं. कलम अगदी तसंच होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊ हयात असताना भाची वारस ठरत नाही. बाई उघड्यावर पडणार, आणि तेही याच्या पायी!

एसटी पकडून तो साताऱ्याला भाऊसो वकिलांकडे गेला. त्यांच्याच हाताखाली तो शिकला होता. भाऊसोंनी ऐकून घेतलं आणि ते ओरडले, "गाढवा, पुस्तक शेवटपर्यंत वाचतोस का कधी? हिंदू-जैनांच्या मृत्युपत्रांना कुठली कलमं लागू, ते मागं परिशिष्टात दिलंय. दाखव त्यात हे कलम!"

कलम नव्हतं. पुन्हा पाहिलं, तरी नव्हतंच. धन्यकुमारनं म्हाताऱ्याचे पाय धरले.

"सोड. पुन्हा असला साक्षीदार घेतलास तर याच पायानं लाथ घालीन."

तो परस्पर पलूसला गेला. राहीबाईला तात्याबानं केरबा गेला त्याच दिवशी सहीचं सुनावलं होतं; तिनं लुगडी बांधून ठेवली होती.

"बाई, सोडा ते गाठोडं. रान तुमचंच आहे."

"मंजी माज्या सहीनं मामाचं रान गेलं न्हाई?"

"नाही."

ती उंबऱ्यातच बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. शेजारणी धावत आल्या, तशी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मामा गेल्यापास्नं रडाय तोंडच न्हवतं मला. आता रडू द्या."