गादीवरचा उंदीर

पंचफुलाबाई दारात बसून तुरीची डाळ निवडत होत्या. गल्लीच्या तोंडाशी प्रचाराची रिक्षा थांबली आणि भोंग्यातून त्यांचाच आवाज आला. पस्तीस वर्षांपूर्वीचा, धारदार, डफावर चढलेला.

"सांग रे उंदरा, तुझ्या पोटात काय?"

मागून कोवळ्या गळ्याचं उत्तर आलं, "भूक!"

"तुझ्या हातात काय?"

"निशाण!"

"तुझ्या गळ्यात काय?"

"आमच्या समद्यांचा आवाज!"

मग मांजर पळाल्याचा गलका. त्यावर लगेच एका भाडोत्री आवाजाने सांगितलं की ज्यांनी मांजर पळवलं त्या ज्ञानोबादादांनाच नगरपालिकेत पाठवा.

पंचफुलाबाईंनी सूप आपटलं. डाळ उंबऱ्यापर्यंत उडाली.

हा वग त्यांच्या नवऱ्याने, अश्वजितने लिहिला होता. तो उदगीरच्या मोंढ्यात हमाल होता. दिवसा पोती उचलायची आणि संध्याकाळी समाजमंदिरात तालीम घ्यायची. नामांतराच्या लढ्याचे दिवस होते ते. वगात एक धान्याचं गोदाम, गादीवर माजलेलं मांजर आणि उपाशी उंदीर. उंदीर बंड करतात, मांजर पळतं. मग निशाण धरणारा पुढारी उंदीर गादी मऊ आहे का ते बघायला म्हणून बसतो आणि पुन्हा उठतच नाही. अश्वजितने शेवटी त्याला गादीवर झोपवलं होतं. त्या उंदराचं काम करणारा ज्ञानोबा तेव्हा विशीतला पोरगा. तोच तालमीत अडून बसला, "भाऊ, नुसतं झोपून लोकायच्या ध्यानात यायचं न्हाई. ह्यानं म्यांव म्हणाया पायजे." अश्वजितने त्याला मिठीच मारली होती. पुढे देगलूरपासून रेणापूरपर्यंत त्या म्यांववर लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे. टाळ्या उशिराने यायच्या.

गेल्या वर्षी अश्वजित गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ज्ञानोबाने डोळे पुसत वगाची, अश्वजितचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट मागून नेली. "भाऊची आठवण जपून ठेवतो, आक्का," म्हणाला. हे त्याचं जपणं!

त्या तशाच त्याच्या प्रचाराच्या कचेरीत गेल्या.

"आक्का! या, या. अरे, आक्काला च्या सांगा."

"च्या ऱ्हाऊ दे. शेवट कुठं हाय?"

"कशाचा?"

"तुझ्या डोंबलाचा! वगाचा. म्यांव कुठं गेलं?"

खुर्च्यांवरची पोरं फिदीफिदी हसली. ज्ञानोबाने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"आक्का, विलेक्शन हाय. लोकायला उमेद द्यावी लागती. शेवट लई कडू हाय त्यो."

"कडूच लिवला व्हता. गोड खायाला लोक लग्नाला जातेत."

"भाऊ असते तर समजून घेतले असते."

"भाऊचं नाव घेऊ नगंस. कॅसेट दे."

"ती लातूरला हाय, पार्टीच्या हापिसात." मग त्याने आवाज मऊ केला. "त्यापरीस आसं करू. रविवारी आपल्याच पटांगणात सभा हाय. तू डफ घे, मी उंदीर होतो. पब्लिक येडं होईल, आक्का! फकस्त मांजर पळालं की थांबायचं."

त्या तडक घराकडे निघाल्या. अश्वजितचे शब्द असे अर्धे तोडून ह्याने प्रचाराला चिकटवले होते, आणि आता त्यांना जोडीला उभं करून ते खरे ठरवायचे होते.

शेजारच्या शांतम्मांनी ऐकून विचारलं, "येनु गं, जातीस का काय त्याच्या सभेला?"

"जाते."

"लाज न्हाई?"

"हाय. म्हणून तर जाते. तू बी ये, म्होरं बस."

रविवारी मंचामागे पंचफुलाबाईंनी डफ काढला. कातडं सैल पडलं होतं. शेकायला जाळ हवा. कोपऱ्यात पत्रकांचा गठ्ठा होता, प्रत्येकावर ज्ञानोबाचे जोडलेले हात. त्यांनी पत्रकं पेटवली. एकेक हात काळा पडत गेला, तसं कातडं ताणत आलं. डफ खणखणीत वाजू लागला.

मंचावर कडक पांढऱ्या कपड्यांत ज्ञानोबा माईक धरून उभा होता. मागच्या गुबगुबीत खुर्चीत लातूरचे नेते होते. पंचफुलाबाईंनी पहिला ठेका धरला. पोटात काय? भूक! हातात काय? निशाण! गळ्यात काय? आमच्या समद्यांचा आवाज! पटांगण उसळलं. मांजर पळालं. ज्ञानोबाने हात जोडले आणि भाषणासाठी घसा साफ केला.

डफ थांबला नाही. ठेका बदलला, दुप्पट झाला. तो शेवटच्या प्रवेशाचा ठेका होता. ह्याच ठेक्यावर ज्ञानोबाचा पाय वर्षानुवर्षं पडला होता. आताही पडू लागला.

"सांग रे उंदरा, तुझ्या पोटात काय?"

"लोणी!" त्याच्या तोंडून गेलं. लोक हसले, तोही हसला.

"तुझ्या बुडाखाली काय?"

"गादी!" हे म्हणतानाच त्याला कळलं. पाय थांबला.

"तुझ्या गळ्यात काय?"

त्याने ओठ घट्ट मिटले. नेत्यांनी मान वर केली. पंचफुलाबाईंनी पुन्हा विचारलं, डफाच्याही वर आवाज काढून, "आरं बोल की! तुझ्या गळ्यात काय?"

पुढच्या रांगेतून शांतम्मांचा चिरका आवाज आला, "म्यांव!"

मग तो वग पाहिलेल्या म्हाताऱ्या, मग त्यांच्या सुना, मग पोरंटोरं. अख्खं पटांगण म्यांव म्यांव करू लागलं. कुणीतरी माईक बंद केला, पण त्याची गरज कुणालाच नव्हती.

मंचामागे ज्ञानोबाने त्यांना गाठलं. चेहरा घामाने थबथबला होता. "आक्का, चार लोकांत माझी इज्जत घालवलीस."

"त्ये म्यांव माझं न्हाई, ज्ञानोबा. भाऊचं बी न्हाई. तुझं हाय. तवा तुला कळत व्हतं."

तो राखेवर पाय देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा पुन्हा आली. तेच अर्धं रेकॉर्डिंग, तोच भाडोत्री आवाज. त्याने ज्ञानोबाचं नाव घेताच गल्लीतली पोरं रिक्षेमागे म्यांव करत धावली. ड्रायव्हरने भोंगा वाढवला, पोरांनी गळे वाढवले. शांतम्मा पोट धरून हसत होत्या.

पंचफुलाबाई हसल्या नाहीत. सुपातली डाळ त्या जोरात पाखडत राहिल्या. अश्वजितचा आवाज अजून लातूरलाच होता.