मान मोडण्यापूर्वीचे प्रश्न

शिरपुरात दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाची मान मोडून द्यावी, हा कारागिराचा शिष्टाचारच होता. एक हात हनुवटीला, दुसरा डोक्यामागे, आणि झटका. कट् असा आवाज आला की माणूस सुस्कारा सोडून उठे. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहणारे हमाल त्यासाठी मुख्तार न्हाव्याच्याच दुकानी येत.

लोटन हमालाची मानही त्यानेच मोडली होती. हाताला मुंग्या येतात, असे लोटन बोलला होता. मुख्तारने ते हसण्यावारी नेले. त्याच आठवड्यात लोटनचे पाय लटपटू लागले. दिवाळीला तो खाटेला खिळला, होळीला गेला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, मणके आधीच झिजलेले होते. झटक्यावाचूनही हेच झाले असते की नाही, सांगता येत नाही. दोष दिला असता, तर मुख्तारने तो सोसला असता. या उत्तरानंतर मात्र हाती आलेले प्रत्येक डोके त्याला लोटनच्याच वजनाचे वाटू लागले.

डॉक्टरांनी लोटनला विचारलेले प्रश्न ध्यानात ठेवून त्याने स्वतःपुरता नियम बांधला. दुखणे नवे आणि मानेपुरतेच असेल, तर झटका. हाताला मुंग्या येत असतील किंवा तोल जात असेल, तर हात न लावता धुळ्याला रवानगी.

एकोणनव्वदच्या हंगामात लोटनचा धाकटा भाऊ सुपडू, तोही जिनिंगमधलाच हमाल, तिरकी मान घेऊन खुर्चीत बसला.

"मुख्तारभाई, मान आखडाई गयी. मोडी दे."

"कवयपासून?"

"कालदिनपासून."

"हातमा मुंग्या?"

"नई."

"चालतांना तोल जास?"

"नई रे भो. मान मोडाले उनू मी, सोयरीक जमाडाले नई. किती इचारस?"

सारी उत्तरे नियमात बसत होती. मुख्तारने हनुवटी धरली. आरशातून लोटनचे डोळे त्याच्याकडे पाहत होते. हात वळेनात.

"धुळ्याले जाय," तो म्हणाला.

सुपडू उठला. "मना भाऊनं भूत मना मानवर बसाडू नको."

तो समोर अमीनच्या दुकानात शिरला. अमीनने काहीएक न विचारता मान मोडली. रस्त्यापलीकडचा तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. मुख्तारने तो ऐकला.

थोड्या वेळाने सुपडू दारात येऊन मान दोन्हीकडे फिरवू लागला. "देख, बठ्ठं मोकयं."

"मूठ आवळ."

सुपडूने हसत मूठ आवळली.

"उद्या आखो दखाडी जाय."

"आरे, मान बरी शे."

"तरी ये."

दुसऱ्या दिवशी सुपडू आला नाही. दुपारी मुख्तार गिऱ्हाईक अर्धवट सोडून जिनिंगच्या फाटकाशी गेला आणि पोती वाहणाऱ्यांच्या रांगेतल्या एकेकाची चाल निरखत उभा राहिला.