श्रीवर्धनपर्यंत आलेली हाक

मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आधीच सांगून टाकते, कारण असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय, आणि शेवटी "आजही अंगावर काटा येतो"... माझ्या अंगावर काटाबिटा काही येत नाही. गेल्या ऑक्टोबरपासून खरं तर मला काहीच होत नाही. तास घेते, जेवते, झोपते. लिहून तरी बघावं म्हटलं.

आमचा सायकल ग्रुप म्हणजे जळगाव-धुळ्याकडची सहा डोकी. त्यात पारोळ्याचे नाना सगळ्यांत मोठे, सत्तरीला टेकलेले. बियाण्याचं दुकान मुलाच्या हवाली करून सायकलवर बसले ते बसलेच. माझं माहेर त्यांच्या घरासमोर. त्यामुळे मी चाळिशीची झाले तरी त्यांच्यासाठी "पोरी"च, आणि चढावर मी हाफायला लागले की ग्रुपसमोर माझी टर उडवायचा त्यांना जन्मसिद्ध हक्क.

नाना कायम रांगेत शेवटी. ती जागा त्यांनी कधी कुणाला दिली नाही. त्यांची एक पद्धत होती — दर थोड्या वेळाने मागून सगळ्यांवर नजर टाकायची आणि ओरडायचं, "बठ्ठा शेतस!" म्हणजे सगळे आहेत, कुणी गळालं नाही. त्यांच्या पुढे बहुतेक मीच. मी तेच ओरडून माझ्या पुढच्या मिलिंदला द्यायचं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत हाक सगळ्यांत पुढे प्रशांतपर्यंत जायची. हाक आली की प्रशांत चालवत राही. नाही आली तर थांबायचं. मागे वळून बघायची कुणाला गरजच पडत नसे. पारोळा-एरंडोल रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत ही पद्धत मस्त चालायची.

ऑक्टोबरात कोकण किनारा ठरला. तिसऱ्या दिवशी दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धन — रस्ता अगदी समुद्राला चिकटून. सामानाची जीप पुढे श्रीवर्धनला पाठवून दिली होती. सकाळपासून आभाळ काळंनिळं. जिथे उतरलो होतो तिथल्या काकू म्हणाल्या, "आज नका निघू, वारा बरा नाही." आम्ही हसलो. वादळात केळीच्या बागाच्या बागा झोपलेल्या बघणारी माणसं आम्ही, आम्हाला वाऱ्याचं काय कौतुक!

आणखी एक गोष्ट. आम्ही खानदेशी माणसं झाडाखालून सायकल चालवतो. मे महिन्यात डांबर पाघळतं, तेव्हा निंबाच्या सावलीचा पट्टा धरून जायचं हे पायातच मुरलंय. ऊन असो-नसो, हँडल आपोआप झाडांकडे वळतं. दिवेआगर सोडताना सुरूची झाडं लागली. वारा भयंकर होता, तरी आम्ही सगळे रस्त्याची मोकळी बाजू सोडून त्यांच्याच खाली शिरलो. कुणी विचारसुद्धा केला नाही.

"आठेच चाला, आठे बरं शे," नानांनीही मागून दुजोरा दिला, इथेच बरं म्हणून.

झाडं संपली आणि समुद्र अंगावर आला. पाऊस आडवा. सायकल उजवीकडे झुकवून धरली तरच सरळ जात होती. मागे कडाड असं काहीतरी झालं, पण तेव्हा सगळीकडूनच काही ना काही वाजत होतं. मान वळवली असती तर मी आडवी झाले असते. घाबरलेच होते. तेवढ्यात मागून आवाज आला —

"बठ्ठा शेतस!"

जिवात जीव आला. मी ओरडून मिलिंदला दिलं, ते पुढे गेलं, प्रशांत चालवत राहिला. श्रीवर्धनपर्यंत असंच. दर वळणाला हाक येत होती, थोडी कंटाळलेली, "शेतस"वर जरा जास्त जोर... नानांचीच. मध्ये एकदा मी "नाना, बरे आहात ना?" असं विचारलं. उत्तर आलं नाही. म्हटलं वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

श्रीवर्धनला पहिल्याच पत्र्याच्या शेडखाली प्रशांत थांबला. मी पोहोचता पोहोचता अगदी पाठीशी, हाताच्या अंतरावर परत तेच — "बठ्ठा शेतस." या वेळी ओरडून नाही, साध्या आवाजात. मी उतरले, "पोहोचलो एकदाचे, नाना" म्हणत वळले.

रस्ता रिकामा होता. लांबपर्यंत.

जीप घेऊन परत गेलो. नाना दिवेआगरजवळच होते, त्या सुरूंच्या खाली. शेजारच्या वाडीतला एक माणूस त्यांच्यापाशी बसून होता. त्याने ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. आम्ही झाडांतून बाहेर पडलो आणि लगेच झाड कोसळलं. तो धावत पोहोचला तेव्हा नाना संपले होते. आम्हाला त्याने खूप हाका मारल्या म्हणे, त्या आम्हाला ऐकू आल्या नाहीत. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जागच्या जागी.

मिलिंद म्हणतो, त्यालाही माझ्या आवाजामागे नानांचा आवाज दोनदा स्वच्छ ऐकू आला. नाहीतर मी म्हटलं असतं की भीतीने माझ्या कानांनी बनवला. वारा समुद्राकडून, समोरून तिरपा येत होता. मागची हाक अशी पुढे येत नाही. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते.

पारोळ्यात मात्र ही गोष्ट आमच्या आधी पोहोचली, आणि पोहोचताना वेगळीच झाली. नाना झाडाखाली जिवंत होते, आवाज देत होते, आणि हे लोक पुढे निघून गेले. नानांच्या बायकोच्या, अक्कांच्या कानावर ती तशीच गेली. मला कुणी काय म्हणतं याचं काही वाटलं नाही. पण अक्का रोज रात्री डोळ्यांसमोर काय बघत असतील, ते मला कळत होतं.

दिवसकार्य, गंधमुक्ती आटोपल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"डॉक्टर सांगस, लगेच गयात. लोके सांगतस, आवाज देत व्हतात. तू त्यासना पुढे व्हती. त्यासनी आवाज दिधा का?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "हो अक्का. दिला."

त्यांनी पदर तोंडावर दाबला. "वाचाडा म्हनीसन?"

"नाही. वाचवा म्हणून नाही. बठ्ठा शेतस, एवढंच. श्रीवर्धन येईपर्यंत. माझ्या अगदी मागून."

"दुखी राह्यंतं का त्यासले? आवाजमा?"

"नाही, दुखणं नव्हतं आवाजात. रोजच्यासारखा होता. कंटाळल्यासारखा."

हे कसं झालं याचा खुलासा माझ्याकडे नव्हता. आजही नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा, मी वाचेन. अक्कांनी डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला.

"म्हंजे तुमी बठ्ठा पोचनात, मंगच त्या गयात."

मी म्हटलं, "हो अक्का, मगच गेले नाना."