दयारामच्या हातचा टोला

आमच्या ठेसनावर घंटा नाही, रुळाचा तुकडा टांगलेला हाये. कापूस न्यायले इंग्रजानं ठेसन बांधलं, तवा पहिल्या गाडीले टोला देल्ला माह्या आजेसासऱ्यानं. तवापासून टोला आमच्याच घरचा. गाव मोठ्या तोऱ्यात सांगते का हा मान हाये. कायचा मान बाप्पा, दावं होतं ते! आजेसासरा त्या रुळाखाली म्हातारा झाला, सासराही झाला, मंग पाळी आली माह्या मालकाची.

गाव ज्याले दयाराम म्हनते, ते माहे मालक. त्यायले एस्टीवर डायवर व्हायचं होतं. जिनिंगच्या ट्रकवर हात बसवला होता. मेहकरहून परीक्षेचं बोलावनं आलं, अन् गावानं नेमकी त्याच दिवशी ठेसनाची शंभरी धरली. परीक्षा हुकली का पुन्हा बोलावनं नाही.

"काऊन भेतं?" हे मले म्हनले. "तू आंधी डब्यात बस. मी टोला देतो अन् मांगच्या डब्यात चढतो."

गाव सोडून जायचंच ठरलं होतं, मी पेटी घेऊन बसली. पोटात सातवा महिना. खिडकीतून सारं दिसत होतं. कापसाचे अडते रंगरावजी, यायनं हार घातला, शाल पांघरली, पोळ्याच्या बैलावानी मानूस सजवला. गार्डानं शिट्टी मारली, ह्यायनं टोला देल्ला अन् निघाले, तं रंगरावजीनं हात धरला.

"थांब दयाराम, भाषन बाकी हाये. तुह्या घरानं हे ठेसन जपलं. पुढचा टोला तुह्या पोराचा."

लोकायनं टाळ्या वाजवल्या. भरल्या सभेत मोठ्या मानसाचा हात झटकता येते काय? गाडी हालली. आपल्याच हातानं सोडलेली गाडी पाहत हे उभे राह्यले.

मी पुढच्या ठेसनावर उतरली अन् रुळाच्या कडेकडेनं पायी वापस आली. हे क्वार्टरच्या दारात, उन्हात, शाल पांघरून बसले होते.

"काढा ते," मी म्हनलं.

"काढून काय होते आता?"

मले रडूही आलं अन् संतापही आला.

पोरगं झालं. बारशाले रंगरावजीनं सागाची लहानशी हातोडी पाठोली, पितळी कडं बसवलेली. पाळन्याले बांधा, बाया म्हने. मी कोनाले इचारलं नाही, सरळ चुलीत घातली. हे उठले. मले वाटलं, आता बाहीर काढतीन. त्यायनं फुंकनी घेतली अन् जाळ फुकला.