एकाच भोकाचा लॅपटॉप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगताना मध्येच कुणी फिसकन हसलं ना, तर मी माझा कप उचलून सरळ आत निघून जाईन! फजिती माझी आहे, तेव्हा ती मलाच सांगू दे. शेजारच्या चामटोली गावातल्या बायकांनी तिला तिखटमीठ लावून आधीच बदलापूरभर फिरवली आहे. खरं काय झालं ते माझ्या तोंडून ऐका.

तर लॅपटॉप. मला एक सांगा, हे लॅपटॉप बनवणारे लोक आपल्यासारखे घरात राहतात की नाही? त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह नसतो? प्रिंटर नसतो? पातळ पातळ म्हणजे किती पातळ करायचा? मी काय त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवणार आहे? घावन पातळ असावं, मान्य. साडीचा पोत पातळ असावा, तेही मान्य. पण मशीन?

शाळेत क्लार्क होते तेव्हा माझ्या टेबलावर जुना कॉम्प्युटर होता. दिसायला धोंडा, पण मागे भोकंच भोकं! जे येईल ते खुपसा. कुणाला कधी नाही म्हणाला नाही बिचारा. आणि रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेल्या या लॅपटॉपला भोकं किती? एक. फक्त एक! तेही चार्जरचं, तांदळाच्या दाण्याएवढं.

घेतला तो उल्हासनगरला. आणि आता माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. आमच्या घरात माणसं सोडली तर सगळ्याला कव्हर आहे. रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला झालरीचा झगा, फ्रिजच्या हँडलला रुमाल. बदलापूरच्या शिरगावात राहतो आम्ही, रोज समोर एक नवी बिल्डिंग उभी राहतेय, सिमेंट उडतंय. धूळ काय कमी आहे? त्यामुळे लॅपटॉप खोक्यातून काढला तो घरी न नेता सरळ शेजारच्या गल्लीत कव्हरवाल्याकडे नेला. गुलाबी फुलांचं कव्हर. वरून, खालून, कडेनं, अगदी नखशिखांत. नव्या नवरीसारखा सजवून मगच घरी आणला.

पुढे चार महिने काही अडलं नाही. पाककृती बघायच्या, पुण्याला असलेल्या मुलाशी, समीरशी, व्हिडिओवर बोलायचं. त्याला किती भोकं लागतात? मग आली वंदना.

वंदना म्हणजे चामटोलीच्या बचत गटाची अध्यक्ष. गटाची लिहापुसायची कामं मी करते. ती एक दिवस धावत आली. "ताई, अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीनं बोलावलंय गो! शिफ्टवाल्यांना जेवणाचे डबे द्यायचेत, रोजचे. पण आपलं काम आधी दाखवा म्हणतात."

"मग दाखवू की!"

"हे मिळालं ना ताई, तर भात काढून झाल्यावर आमच्या बायांना वीटभट्टीवर जायला नको. घरच्या घरी वर्षभर काम."

हे ऐकून मला एकदम भरून आलं, आणि मला भरून आलं की मी नको ते कबूल करते. मी म्हटलं, "तू काळजीच सोड. गावातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या त्या पोराकडून तुमच्या स्वयंपाकघराचा झकास व्हिडिओ काढून घे. मी माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या मोठ्या टीव्हीवर दाखवते!"

"मोबाइलवर नाय चालणार?"

"अगं, त्या साहेब लोकांनी काय मोबाइलमध्ये डोकी घालायची?"

जाताना वंदना एवढंच म्हणाली, "मागच्या कंत्राटदाराचे डबे गळायचे म्हणे. आमटी निम्मी रिक्षात, निम्मी रिक्षावाल्याच्या पँटवर. त्याच्यावर साहेब लय भडकलेत."

मी तिकडे लक्षच दिलं नाही. माझं लक्ष टीव्हीवर.

व्हिडिओ आला पेन ड्राइव्हमध्ये. मी ऐटीत लॅपटॉप उघडला, पेन ड्राइव्ह हातात घेतला, आणि बसले शोधत. कुठे घालू? उजवीकडे बघितलं, गुलाबी फुलं. मागे बघितलं, गुलाबी फुलं. डावीकडे ते एक दाण्याएवढं भोक, त्यात पेन ड्राइव्हचं नखसुद्धा जाईना. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! समीरला फोन लावला.

"आई, दुसऱ्या बाजूला बघ."

"बघितलं! गुळगुळीत आहे."

"असं कसं? नीट बघ ना."

"मी आंधळी आहे का? तीस वर्षं फायलींमधली बारीक अक्षरं वाचलीत मी!"

"बरं बरं, मीटिंगमध्ये आहे," म्हणाला आणि ठेवला. ही आजकालची मुलं! मी मग कंपनीच्या हेल्पलाइनला धरलं. तिकडे एक गोड आवाजाची मुलगी. मॉडेल विचारलं, नंबर विचारला, आणि म्हणते कशी, "मॅडम, तुमच्या मॉडेलला एकूण चार पोर्ट आहेत."

"चार? अहो, लॅपटॉप माझ्या मांडीवर आहे की तुमच्या?"

"मॅडम, उजव्या बाजूला..."

"उजव्या बाजूला फुलं आहेत!"

तिनं मला होल्डवर टाकलं. मला वाटलं, पकडली चोरी! म्हणजे मला दुय्यम माल चिकटवलाय. चार भोकांचे पैसे घेतले आणि एका भोकाचा दिला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मी भलामोठा मेसेज टाकला, 'पातळ लॅपटॉप ही शुद्ध लूट आहे, सावध व्हा.' सतरा जणांनी अंगठे दाखवले. दोघांनी तर घ्यायचा बेतच रद्द केला! बघा, माझ्यामुळे कुणाकुणाच्या पोटावर पाय आला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा, ट्रेन, पुन्हा रिक्षा करत उल्हासनगर गाठलं. कारण माझी श्रद्धा आहे, उल्हासनगरात होत नाही असं काही नाही. विकणाऱ्याशी भांडण नंतर, आधी भोकं, म्हणून एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरले. गल्ल्यावर पांढऱ्या मिश्यांचे सिंधी शेठ. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "शेठ, याला आणखी दोन होल पाडून द्या."

शेठनी चष्मा वर केला. "मॅडम, ये लॅपटॉप है. जीन्स नहीं है."

"जीन्सला पाडता ना? मग?"

"अरे साईं, अंदर सर्किट होता है! दिखाओ, दूसरी साइड दिखाओ जरा."

त्यांनी हात पुढे केला. तो हात चटणी-सामोशाचा! माझ्या फुलांवर? मी लॅपटॉप छातीशी धरला. "हात नका लावू, कव्हर खराब होईल. रोज बघते मी दुसरी बाजू, काही नाही तिथे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत कुणाला तरी सिंधीत काहीतरी सांगितलं, आतून हसल्याचा आवाज आला. मग त्यांनी मला एक हब दिला. हब म्हणजे काय, तर शेपटी. शेपटीचं टोक त्या एका भोकात घालायचं, मग तिच्या दुसऱ्या टोकाला पेन ड्राइव्ह लागतो, टीव्हीची वायर लागते.

"आणि चार्जर?"

"इसमें चार्जर का नहीं है. पहले फुल चार्ज करो, फिर चलाओ. सिंपल!"

सिंपल! म्हणजे लॅपटॉपनं एका वेळी एक तर जेवायचं, नाही तर काम करायचं. आणि एवढा पातळ करून शेवटी उपयोग काय झाला? वाचवलेली जाडी मी शेपटीच्या रूपानं पर्समध्ये वाहतेच आहे!

मीटिंगच्या दिवशी घरून निघताना बॅटरी भरून घेतली होती. शंभर टक्के! पण रिक्षात वंदनाला वाटलं, व्हिडिओ एकदा बघू. बघितला. मग रिक्षावाल्यानं मान वळवून वळवून बघितला, म्हणून त्याला थांबल्यावर पुन्हा दाखवला. गेटवरचा वॉचमन वंदनाच्या माहेरचा निघाला. त्यालाही दाखवला. त्यानं आत जाऊन आणखी दोघांना बोलावून आणलं. आता नाही कसं म्हणणार हो? त्यात आत तासभर बसवून ठेवलं, तेव्हा लॅपटॉप बंद करायचा राहूनच गेला.

मीटिंगच्या खोलीत दोघं होते. एचआरच्या शिल्पा मॅडम, तरुण, हसऱ्या. आणि कॅन्टीनचे पाटील साहेब, ज्यांना हसणं बहुतेक कंपनीकडून मंजूर झालेलं नव्हतं. वंदना मांडीवर हात आवळून बसलेली. मी शेपटी लावली, वायर लावली, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर चामटोलीचं स्वयंपाकघर उजळलं! स्वच्छ ओटा, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, तव्यावर वंदनाच्या हातची तांदळाची भाकरी. पाटील साहेब पुढे सरकले. भाकरी एका कडेनं फुगायला लागली, टम्म व्हायला आली, आणि...

काळोख.

"बॅटरी गेली वाटतं," शिल्पा मॅडम म्हणाल्या. "चार्जर लावा ना."

झालं! माझ्या रागाचा बांधच फुटला. "लावू कुठे? सांगा ना, कुठे लावू? भोकच एक! शेपटी काढली तर टीव्ही बंद, ठेवली तर चार्जर बाहेर! सामान्य माणसानं करायचं काय? ज्यानं हा बनवला त्याला एकदा माझ्यापुढे उभा करा. त्याला आम्ही एकाच दाराचं घर बांधून देऊ, म्हणावं, दूधवाला आत असेपर्यंत तू बाहेर उभा राहा!"

"ताई, जाऊ दे गो," वंदना माझा पदर ओढत होती. पण मी कसली थांबतेय!

शिल्पा मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःची पर्स उघडली आणि टेबलावर वायरींचं गुंतवळ ओतलं. "तुमचं अगदी खरं आहे. माझ्या लॅपटॉपला दोनच आहेत. म्हणून या वायरी. ही टीव्हीची, ही पेन ड्राइव्हची, ही नेटची. एक विसरली की दिवस गेला."

"बघा!" मी पाटील साहेबांकडे विजयानं बघितलं.

"पण तुमच्या मॉडेलला चांगली चार आहेत की! आमच्या अकाउंट्समध्ये हाच आहे."

"नाहीत! मला डुप्लिकेट माल दिलाय. हवं तर बघा!"

कव्हर घातल्यापासून पहिल्यांदाच मी तो लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात दिला. मॅडमनी उजव्या कडेवरून बोट फिरवलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं. "इथे पोकळ लागतंय."

वंदनानं अंबाड्यातली पिन काढली. फुलाच्या कडेला घातली आणि ओढली. चर्रर्र! एक भोक. चर्रर्र! दुसरं, रुंद, पेन ड्राइव्हच्या मापाचं. तिसरं, टीव्हीच्या वायरचं. ओळीनं, नवीकोरी, चकचकीत.

आणि मला, देवाशप्पथ, त्या क्षणी कव्हरवाल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "मॅडम, इस साइड में होल है, खुला रखूँ?" आणि माझाही आवाज. "अजिबात नाही! चार्जरपुरतं ठेव, बाकी एकही भोक उघडं दिसता कामा नये! धूळ जाते!"

काय वाटलं असेल मला? जमीन दुभंगली असती तर उडीच मारली असती. समीर, ती हेल्पलाइनची मुलगी, उल्हासनगरचे शेठ, सगळे बिचारे कानीकपाळी ओरडत होते, दुसऱ्या बाजूला बघा, दुसऱ्या बाजूला बघा. आणि सतरा अंगठे! त्या ग्रुपवर मी आता काय तोंड दाखवणार होते?

चार्जर लागला. पेन ड्राइव्ह लागला. वायर लागली. शेपटी न लावता! टीव्हीवर भाकरी टम्म फुगली, वंदनाचा चेहरा उजळला. पण पाटील साहेब टीव्हीकडे बघतच नव्हते. ती सोललेली गुलाबी पट्टी दोन बोटांत धरून निरखत होते.

"हे कव्हर किती महिने आहे?"

"चार," मी पुटपुटले.

"मधे एकदाही सुटलं नाही?"

"नाही."

त्यांनी भोकांत डोकावून बघितलं. "आत धुळीचा कणसुद्धा नाही." मग वंदनाकडे वळले. "भाकरी उत्तम आहे. काम तुम्हाला देतो. पण एक अट. डब्यांची झाकणं या बाईंनी लावायची. मागच्या माणसानं आमटी सांडून जीव नकोसा केला होता."

वंदना रडली हो! आणि मग एवढी हसली, एवढी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

तर आता रोज सकाळी मी चामटोलीत असते. बाया डबे भरतात, मी झाकणं लावते, वरून चिकटपट्टीचा वेढाही देते. आजवर रिक्षात आमटीचा एक थेंब सांडलेला नाही, रिक्षावाल्याला विचारा! वीटभट्टीवर यंदा गटातलं कुणी गेलं नाही. लॅपटॉप वंदनाकडे असतो, उघडाबोडका, चारी भोकं मोकळी टाकून. बघवत नाही मला.

फक्त दुपारी बारा वाजले की माझा फोन वाजतो. कंपनीतून कुणीतरी भुकेलेला कामगार, कळवळून, "ताई, झाकण उघडत नाय ओ!"

आणि मी शांतपणे सांगते, "दादा, दुसऱ्या बाजूनं बघा."

"बघितलं ताई! गुळगुळीत हाय!"