डोंगराला दिलेलं टोपडं

हॉलंडमधल्या डीमन गावातल्या आमच्या फ्लॅटमधलं देवघर म्हणजे पुस्तकांच्या कपाटातला एक खण. सातव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून मी तिथे दिवा लावणं सोडलं होतं. नवरा, मंदार, मुकाट्याने उदबत्ती लावून ऑफिसला जाई. मी तिकडे बघतही नसे. देवाशी माझं भांडण होतं, आणि मी काही चटकन भांडण मिटवणाऱ्यांतली नाही. पण खरा सल वेगळाच होता. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही आणू-विणू नये, हा आमच्या घरचा शिरस्ता. जन्मभर तो पाळणाऱ्या माझ्या आईनेच या वेळी हौसेपोटी तो मोडला आणि पुण्याहून पिवळ्या लोकरीचं टोपडं विणून पाठवलं. बाळ गेल्यावर तिने सुया उचलून ठेवल्या त्या ठेवल्याच. आपल्या हातून अपशकुन झाला, असं तिने मनाशी धरलं होतं. फोनवर ती हवापाण्याचं बोले, मीही तेच बोले. टोपड्याचं नाव दोघीही काढत नव्हतो, आणि त्यामुळे बाकीचं बोलणंही आटत चाललं होतं.

शेजारी इंडोनेशियातल्या जावा बेटावरून लहानपणीच इथे आलेल्या एक आजी राहतात. सगळा मजला त्यांना 'तांते' म्हणतो, म्हणजे मावशी. मंदारने सुट्टीत जावाला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून बसवलं. "ब्रोमोला जा. जागृत डोंगर आहे, ज्वालामुखी. मूल नसलेल्या एका राजाराणीला त्याने पुष्कळ मुलं दिली आणि धाकटं परत मागून घेतलं, अशी आमच्याकडे गोष्ट आहे. अजून लोक दरवर्षी त्याच्या मुखात आपल्या शेतातलं काहीबाही टाकतात. तुझं दुःख त्याला ठाऊक आहे." मी मनात म्हटलं, मग जाऊन जाब तरी विचारते. टोपडं बॅगेत टाकलं. बाळ नेलं, तसं हेही घेऊ दे आणि करू दे राख. एकदाचा विषय संपेल.

पण डोंगर पाहिला आणि माझी जीभ आवरली. पायथ्याशी राखाडी वाळूचं मैदान, त्यात एक देऊळ, आणि वर संथपणे चढत जाणारा पांढरा धूर. इतकं भव्य काही मी आजवर पाहिलं नव्हतं. रोज सायकल चालवते म्हणून मला माझ्या दमाची मोठी घमेंड. पण हॉलंडमध्ये चढ म्हणजे कालव्यावरचा पूल! मुखाकडे चढणाऱ्या अर्ध्या पायऱ्यांतच गंधकाच्या वासाने जीव कासावीस झाला. तेवढ्यात मागून आलेल्या एका बाईने न विचारता माझा हात धरला. तिथल्याच कुठल्यातरी गावातली असावी. खांद्यावर शाल, काखेत बटाटे आणि कांद्याच्या पातीचं गाठोडं. तिने मला डोंगराच्या मुखाच्या काठापर्यंत नेलं.

आणि काठावर गणपती! अंगावर राख, पुढ्यात झेंडूची फुलं आणि उदबत्त्या. पाठीमागे जमिनीच्या पोटात अखंड घुमत होतं, आणि हा तिथे माजघरात बसावं तसा निवांत बसलेला. मी भांडायला आले होते, पण हात जोडले गेले.

टोपडं बाहेर काढलं तर वारा ते हातातून ओढायला लागला. फेकलं असतं तर माझ्याच तोंडावर परत आलं असतं. त्या बाईने टोपड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गाठोड्यातला एक बटाटा काढून टोपड्यात घातला, बंद घट्ट बांधले आणि ते माझ्या ओंजळीत ठेवलं. मी डोळे मिटून फेकलं.

डोळे उघडले तर आतल्या उतारावर उभ्या असलेल्या एका माणसाने लांब काठीच्या जाळ्यात ते अलगद झेललेलं! "अहो, ते देवाचं आहे!" मी चक्क मराठीत ओरडले. विसर्जन केलेलं कुणी परत काढतं का? मंदारने माझा दंड धरून ठेवला. तो माणूस वर आला, टोपडं कपाळाला लावलं, बटाटा पिशवीत टाकला. काठावर त्याची बायको तान्हं बाळ शालीत घेऊन बसली होती. थंडीने बाळाचे कान लाल झाले होते. तिने ते टोपडं त्याच्या डोक्यात घालून हनुवटीखाली बंद बांधले. माझ्या सोबतच्या बाईने धुराकडे बोट दाखवलं, मग बाळाकडे, आणि हसली. मी तिथेच राखेत बसून ढसाढसा रडले. इतक्या महिन्यांत तशी रडलेच नव्हते.

परत आल्यावर तांतेंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, देवाला बटाटे कशाला हवेत? त्याला ते कुणाकडे तरी पोचवायचे असतात." मी आजवर अर्पण करायची तेही आपल्या अटींवर. त्याने घ्यावं कसं, त्याचं करावं काय, हेसुद्धा मीच ठरवत होते. त्या दिवशी टोपडं हातातून सुटलं आणि ते ठरवणंही सुटलं. ती बाई कोण, मला ठाऊक नाही. रोज तिला नमस्कार करते.

त्याच संध्याकाळी आईला फोन लावला आणि हवापाण्याचं काही न बोलता सगळं सांगून टाकलं. ती हळूच म्हणाली, "बसलं का गं नीट? कान झाकले का त्याचे?"

"झाकले, आई."

पलीकडे ती रडत होती, इकडे मी. फोन ठेवला आणि दिव्यात तेल घातलं.